कामण्णा हसला

रंगपंचमी तोंडावर आली आणि शिंपी गल्लीच्या रतीचा जबडा निखळला.

रती म्हणजे वेंकटेश. धंद्यानं इलेक्ट्रिशियन, अंगानं थोराड, पोटानं त्याहून थोराड. वर्षानुवर्षं रंगपंचमीला मिशी उतरवून, नऊवारी नेसून, कामदेवाच्या तिरडीमागून ऊर बडवत रडायचं काम त्याचं. त्या सकाळी शिडीवर उभा राहून मांडवाची माळ जोडता जोडता त्याला जांभई आली. ती एवढी मोठी आली, की तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. खालच्या लोकांना वाटलं, गडी रडण्याची तालीम करतोय. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. शेवटी देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी जबडा जागेवर बसवला, हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी आवळली आणि बजावलं, पातळ खा, कमी बोला, आणि रडायचं तर नावच काढू नका.

"अशी पट्टी बांधून हिंडतोय," अंबूताई म्हणाल्या, "खरं तर यंदा तिरडीवर ह्यालाच निजवायला पाहिजे."

सगळं दुकान हसलं. वेंकटेशलाही हसू आलं आणि त्यानं घाबरून दोन्ही हातांनी गाल धरले.

दुकान अंबूताई बोंगाळ्यांचं. कोप्पीकर रोडवरून आत वळलं की शिंपी गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, रिळं, बटणं. साठीला टेकलेली बाई, पण जीभ अशी की गिऱ्हाईक घासाघीस करायला आलं तर जाताना दोन पीस जास्त घेऊन जाई आणि वर हसत जाई. रतीची साडी आणि चोळी दर वर्षी त्याच शिवत. वेंकटेशच्या छातीचं माप त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते त्या चारचौघांत मोठ्यानं सांगत.

आता हुबळीची रीत अशी, की रंग खेळायचा तो पंचमीला. पौर्णिमेला गल्लोगल्ली मांडवात कामण्णा बसतो, हातात उसाचं धनुष्य, शेजारी नटलेली रती. लोक नवस बोलतात, कुणी लग्नासाठी, कुणी पाळण्यासाठी. पंचमीला सगळं शहर रंगात बुडतं, आणि शेवटी गवताचा काम जाळला की वसंत सुरू. शिंपी गल्लीत ह्यावर आणखी एक भर होती. जाळण्याआधी कामदेवाची अंत्ययात्रा निघे आणि तिरडीवर जिताजागता माणूस निजे.

त्या माणसासाठी एकच नियम होता. तो कुणी केला हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मेलेल्यानं हसायचं नाही. चौक यायच्या आत हसला, तर वर्षभरात त्याचं लग्न लावायचं. म्हणून तिरडीवर कायम बिनबायकोचा गडी निजवायचा, आणि रतीनं रडण्याच्या नावाखाली त्याला हसवायला जिवाचं रान करायचं. पूर्वी पोरं हौसेनं निजत आणि हलगीवर पहिली टिपरी पडायच्या आत हसत सुटत. हल्लीची पोरं हुशार. लग्नाचं नाव काढलं की बेंगळुरूची बस पकडतात. त्यामुळे गेली काही वर्षं तिरडीवर एकच माणूस निजत होता. पुंडलिक सर्वदे.

पुंडलिकअण्णा विधुर. सगळा जन्म हुबळी-धारवाड बस चालवण्यात गेला. उणकलच्या गर्दीत चाकासमोर म्हैस येऊन बसली तरी ह्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. कानडीत दगडाला कल्लु म्हणतात, म्हणून गल्ली त्यांना पाठीमागं कल्लप्पा म्हणे. वेंकटेशनं त्यांच्यासमोर काय काय केलं नव्हतं! लोळला होता, उड्या मारल्या होत्या, एकदा तर साडी सुटली होती. दगड हसला नाही.

तर रती कोण होणार, हे ठरवायला सगळी मंडळी अंबूताईंच्या दुकानात जमली होती. गादीवर बाळाचार्य बसले होते. कामण्णाची पूजा तेच सांगत. त्यांच्यासमोर, गठ्ठ्यांवर मांडी घालून, मधुवंती. ही अंबूताईंची भाची, भावाची मुलगी. धारवाडच्या विद्यापीठात वसंतातल्या सणांवर संशोधन करत होती आणि राहायला आत्याकडं होती. तिचं आणि बाळाचार्यांचं रोज भांडण होई आणि भांडणाशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

"शंकरानं तिसरा डोळा उघडला, काम भस्म झाला," बाळाचार्य म्हणाले. "त्याची ही आठवण. संपलं."

"ती गोष्ट मागाहून येऊन बसली, काका. सण त्याच्याही आधीचा असणार." मधुवंतीचे हात बोलताना पंख्याच्या पात्यांसारखे फिरत. "विचार करा, पुराणं ऐकायच्या आधी माणसं काय करत असतील? थंडी सरली, झाडं बोडकी झाली, रानं रिकामी पडली. परत पालवी फुटेल ह्याची खात्री कुणी द्यायची? मग गवताचा माणूस करायचा, त्याला सरलेलं वर्ष म्हणायचं, त्याच्यासाठी ऊर फुटेतो रडायचं, जाळायचं, आणि राख कपाळाला लावून नाचायचं. जुनं मेल्याशिवाय नवं उगवत नाही, एवढीच अक्कल. जगभर आहे हे. पोलंडात अजून गवताची बाई करून नदीत बुडवतात. तिच्याबरोबर थंडी बुडते म्हणे."

"तिथं बोंब मारतात?"

"गाणी म्हणतात."

"बोंब नाही?" बाळाचार्यांनी हात झटकला. "मग कसला तो सण!"

"आँ शिआ?" वेंकटेशनं पट्टीतून विचारलं.

"शिव्या विचारतोय," अंबूताईंनी उलगडून सांगितलं.

"शिव्या तर सगळ्यात महत्त्वाच्या!" मधुवंती उठून उभीच राहिली. "वाह्यात बोललं की जमीन जागी होते, तिला बी धरावंसं वाटतं, अशी समजूत. झोपलेल्याला गदागदा हलवतात ना, तसं. लाज सोडली की पीक येतं!"

बाळाचार्यांनी कानांवर हात ठेवले, पण बोटं फाकलेलीच होती.

"ते राहू दे," अंबूताई म्हणाल्या. "रडणार कोण, ते सांगा."

एकेक गडी पुढं झाला. जिममध्ये जाणारा एक रडला तो रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोसारखा. दुसरा रडता रडता मोबाइलमध्ये स्वतःला बघत होता. तिसऱ्याला खरंच रडू आलं, कारण त्याची मिशी नुकतीच कुठं आली होती आणि ती काढायला लागणार होती.

"मला एक कळत नाही," मधुवंती म्हणाली. "रती बाई होती ना? मग गल्लीत बाया कमी पडल्यात काय?"

"तशी रीत नाही," बाळाचार्य म्हणाले.

"रीत राहू द्या, रडणं बघा आधी!" अंबूताईंना आता राहवेना. "असं रडतात होय रे? पोटातून यायला पाहिजे. बेंबीच्या देठापासून. हे बघा—"

आणि त्यांनी पदर कमरेला खोचला, दोन्ही हात वर नेले आणि टाहो फोडला.

"अगं आई आई आई गं! गेलास का रे माझ्या राजा!"

काचेच्या बरण्यांतली बटणं खुळखुळली. समोरच्या भांड्यांच्या दुकानातला मालक हातातली कळशी टाकून धावत आला. पाठोपाठ रस्त्यावरचा रिक्षावाला. "यार सत्तारी? कोण गेलं?" गिऱ्हाइकांतल्या एका म्हातारीनं तर सवयीनं डोळ्यांना पदर लावला. आणि मग अंबूताईंनी एकाएकी हात खाली घेतले, केस सावरले आणि शांतपणे म्हणाल्या, "असं. जमलं तर बघा."

मग वेंकटेश पुढं झाला, त्यानं रतीची चोळी उचलली, अंबूताईंच्या हातांत ठेवली आणि त्यांच्या पाया पडला.

सगळे गेल्यावर अंबूताई ती चोळी उसवत बसल्या. चांगलीच आत घ्यायला लागणार होती. गंमत गंमत म्हणून हो म्हणून बसल्या होत्या, पण आता उसवता उसवता दोनदा बोटात सुई टोचली. नवरा, रंगनाथराव, गेल्यापासून पंचमीला त्या शटर अर्धं ओढून आत बसत. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी कुणी हाक मारली नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी हाकेची वाट बघितली नाही. मग ते तसंच अंगवळणी पडलं. शटरखालून रंगलेले पाय दिसत, निळे, जांभळे, नाचणारे, आणि पायांवरून माणूस ओळखायचा खेळ त्या एकट्याच खेळत.

तेवढ्यात बाहेरच्या पायरीवर चपला वाजल्या. पुंडलिकअण्णा. रोजच्या वेळेला, रोजच्या चेहऱ्यानं.

"बोंगाळेबाई, एक बटण द्या. पांढरं, चार भोकांचं."

सगळी गल्ली त्यांना ताई म्हणे. फक्त हा एक माणूस बोंगाळेबाई म्हणे, आणि ते अंबूताईंच्या पहिल्या दिवसापासून लक्षात आलं होतं.

"रोज एक बटण! तुमचे शर्ट बटणं खातात काय हो?"

"कापड जुनं झालं की बटण सोडतं."

अंबूताईंनी त्यांच्या छातीकडं बघितलं. दुसऱ्या बटणाच्या जागी दोरे होते, आणि ते तुटलेले नव्हते. एका रेषेत कापलेले होते, ब्लेडनं कापावेत तसे. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या बाईला हे दोन हातांवरून दिसतं. बरणीतून बटण काढताना त्यांना फक्त एकदम उकडायला लागलं.

"यंदा तुम्ही रती, असं ऐकलं," पुंडलिकअण्णा म्हणाले.

"म्हणतायत खरं."

"मी हसणार नाही. आधीच सांगितलेलं बरं. गल्लीत माझं एक नाव आहे."

"मी कुठं म्हटलं हसा म्हणून? मेलेल्यानं मेल्यासारखं पडावं."

ते मान हलवून निघून गेले. जाताना पायरीवर ठेचकाळले. तोल गेला, चेहरा मात्र हलला नाही.

पंचमीच्या सकाळी हुबळीला वेड लागलं. गच्च्यांवरून बादल्या, पिंपांवरून पिचकाऱ्या, गल्लीतली कुत्रीसुद्धा गुलाबी. जग्गलगी म्हणून इकडं मोठ्या कातडी चकत्या असतात, बैलगाडीच्या चाकासारख्या गोल. त्या छातीवर धरून पोरं अशी बडवत होती, की भिंतींचे पोपडे पडत होते. मांडवातल्या कामण्णाच्या उसाला कुणी आंब्याचा मोहर बांधला होता आणि त्याच्या वासानं माश्या खुळ्या झाल्या होत्या. मधुवंती हिरवी होऊन हिंडत होती आणि दिसेल त्याला सांगत होती, "मोहर म्हणजे बाण! ऊस म्हणजे धनुष्य! सगळं शेतातलं, काका, सगळं शेतातलं!" बाळाचार्यांच्या पांढऱ्या धोतरावर तिनं मागून पळसाचं केशरी पाणी ओतलं, तेव्हा ते ओरडले, "हे कुठल्या शास्त्रात आहे?" आणि त्यांनी तांब्या भरून परतफेड केली.

तिरडी निघाली. दोन बांबू, आडव्या कामट्या, वर सुतळीनं आवळलेले पुंडलिकअण्णा. गळ्यात कांद्यांची माळ, कपाळावर वांग्याचं बाशिंग, उशाला शेणी, पायाशी मोडका खराटा. तोंड जांभळं केलेलं. पडले होते ते असे, की बघणाऱ्यानं दोनदा नाक तपासावं. पुढं हलगी, मागं माणसांचा लोंढा, आणि मध्ये मोकळी जागा ठेवलेली. रतीसाठी.

अंबूताई दुकानातून बाहेर आल्या. हिरवी नऊवारी, केसांत मोगऱ्याचे गजरे, कपाळभर कुंकू. गल्लीनं शिट्ट्या मारल्या. त्या मधल्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या, हात वर केले, तोंड उघडलं.

आणि आवाज फुटेना.

कारण त्यांनी हात वर करताच हलगी थांबली होती आणि लोक गप्प झाले होते. ते त्यांच्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात अंबूताईंना दिसलं, की ह्यांना सगळ्यांना आता एकदम आठवलंय. खरीच बिचारी. हिचा खरंच गेलाय. समोरच्या बाईनं तोंडाला हात लावला. मागून कुणीतरी कानडीत कळवळलं, "अक्का, अळब्याड्री, रडू नका." अंबूताईंना वाटलं, झालं, आता खरंच रडू येणार, आणि ह्या सगळ्यांचा सण नासणार. शटर तिथंच होतं, अर्ध्यावर.

त्यांनी खाली बघितलं. जांभळं तोंड, मिटलेले डोळे. आणि तिरडीच्या टोकाला, सुतळीतून बाहेर आलेला पुंडलिकअण्णांचा उजव्या पायाचा अंगठा. हलगी थांबली होती, पण अंगठा थांबला नव्हता. तो आपला ताल धरून एकटाच हलत होता. टुण टुण, टुणक.

येऊ घातलेल्या रडण्याचं काय झालं कोण जाणे. तोंडातून निघाला तो टाहो.

"अरे माझ्या मदना! कुठं निघालास रे मला टाकून! धारवाडची गाडी सुटली रे, आता जाणार कशानं!"

गल्ली फुटली. हलगीवाल्यानं धाडकन टिपरी हाणली.

"जन्मभर हॉर्न वाजवलास रे! एकदा, एकदा तरी शीळ घालायची होतीस!"

"हो नव्हे!" बाया ओरडल्या.

"स्टॉपवर हात करून करून आमचे हात गेले रे! ह्यानं मेल्यानं ब्रेक दाबला नाही! पुढच्या स्टॉपला चढा म्हणाला! पुढं कुठं रे, मसणात?"

तिरडी पुढं सरकत होती. अंबूताई तिच्याबरोबर कधी धावत होत्या, कधी फतकल मारून बसत होत्या, कधी खराटा उचलून मेलेल्याला झोडत होत्या. असं अंगात आलेलं त्यांना आठवत नव्हतं. बादल्यांवर बादल्या पडत होत्या. साडी हिरवी राहिली नव्हती, त्याही अंबूताई राहिल्या नव्हत्या. जे जे तोंडात येऊ नये ते ते येत होतं, आणि प्रत्येक वाक्याला म्हाताऱ्या बाया पदर तोंडात कोंबून लोळत होत्या. बाळाचार्यांनी कानांवर हात ठेवायचं सोडून दिलं होतं.

मढं मात्र मढंच.

चौक दिसायला लागला. गवताचा काम तिथं शेणींच्या ढिगावर वाट बघत उभा होता. वेंकटेश पट्टीतून ओरडला, "आई! आई!" म्हणजे घाई करा. आणि अंबूताईंनी, मागचापुढचा विचार न करता, शेवटचं होतं ते बाहेर काढलं.

"रोज एक बटण नेतोस रे! पांढरं, चार भोकांचं! शर्ट दोन आणि बटणं पोतंभर! स्वतः ब्लेडनं कापतोस आणि वर मला सांगतोस कापड जुनं झालं? अरे, शिंप्याच्या लेकीला फसवतोस? यायचं होतं तर नुसतं यायचं होतंस! बटणाची कशाला रे लाच, माझ्या राजा, मी काय शर्ट आहे?"

हे बोलून झालं आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर पडलं.

अख्ख्या गल्लीसमोर. फोन वर धरलेले होते, रेकॉर्डिंगच्या लाल टिकल्या लागलेल्या होत्या. अंबूताईंनी तोंड दाबायला हात नेला, पण उशीर झाला होता. आतून काहीतरी वर आलं. ते नाकातून निघालं, कुकरच्या शिट्टीसारखं. मग दुसरं. मग त्या गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत सुटल्या. रती हसली तर काय करायचं, ह्याचा नियमच नव्हता.

आणि तिरडी हलायला लागली.

आधी अंगठा. मग पोट. कांद्यांची माळ गदगदायला लागली. खांदेकरी म्हणाले, "अण्णा, धरा, धरा, चौक आला!" पण धरणार काय? पुंडलिकअण्णांचे ओठ घट्ट आवळले, गाल फुगले, आणि बाहेर आलं ते हसू असं, की क्षणभर कुणाला ते त्यांचं वाटेना. बारीक, चिरकं, करडानं बें बें करावं तसं. "हिहिहिहि! हिहिहिहि!" जन्मभर तोंड आवळून हा माणूस का बसला होता, ते हुबळीला त्या दिवशी कळलं.

"नक्का! नक्का!" गल्ली किंचाळली. "हसला! कामण्णा हसला!"

खांदेकऱ्यांचे पाय हसण्यानं लटलट कापायला लागले. पुढचे डावीकडं गेले, मागचे उजवीकडं, आणि तिरडी सरळ गुलाबी पाण्याच्या पिंपात उभी राहिली. पिंप कलंडलं. त्यातून पुंडलिकअण्णा उठले ते पाठीला बांबू घेऊनच, वांग्याचं बाशिंग एका कानावर, "हिहिहिहि" करत, आणि लाजेनं धावत सुटले. बांबूंच्या धाकानं दोन्ही बाजूंची माणसं बाजूला होत गेली.

"अहो, थांबा!" रती साडी सावरत मागं पळाली. "मेलेल्यानं पळायचं नसतं!"

त्यांना चौकात गाठलं तेव्हा दोघांनाही श्वास पुरत नव्हता. आता प्रश्न पडला. काम जाळायच्या आधीच उठून बसला. मग जाळायचं की नाही? सगळ्यांनी बाळाचार्यांकडं बघितलं. ते नखशिखांत केशरी होते, आणि आजवर कधी दिसले नव्हते इतके प्रसन्न दिसत होते.

"शास्त्रात आहे," ते म्हणाले. "काम जळाला तरी रतीला तो परत मिळाला. क्रम थोडा पुढंमागं झाला, एवढंच. जाळा!"

"काका, म्हणजे तुम्ही मान्य करता!" मधुवंती नाचायलाच लागली. "परत उगवणं! तेच मी म्हणते!"

"मी काही मान्य केलेलं नाही," बाळाचार्य म्हणाले आणि त्यांनी अशी खणखणीत बोंब ठोकली, की गवतापेक्षा लोकच आधी पेटले.

दुपारी सगळं शांत झालं. अंबूताई दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. कागदात कांदा-चुरमुऱ्याचं गिरमिट आणि मिरची भजी. शेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून, पुंडलिकअण्णा. जांभळा रंग निघाला नव्हता.

"नियम ऐकलाय तुम्ही," ते रस्त्याकडं बघत म्हणाले.

"नियम मढ्याला आहे. रतीला नाही."

"हो. तेही खरं." त्यांनी मिरची उचलली, परत ठेवली. "मग गल्ली माझ्यासाठी दुसरी कुणीतरी बघेल."

"बघू दे की."

"तुमची हरकत नाही?"

अंबूताईंनी गिरमिटाचा घास घेतला आणि सावकाश चावला. माणूस घामाघूम झालेला बघायला त्यांना मजा वाटत होती. मग त्या म्हणाल्या, "एकदा हसून दाखवा."

"नको हो, बोंगाळेबाई."

"हसून दाखवा, मग सांगते. आणि बोंगाळेबाई काय म्हणता सारखं? अंबू म्हणायचं."

त्यांनी प्रयत्न केला. मुद्दाम हसू येईना. तेवढ्यात समोरून वेंकटेश चालला होता. दोघांना एका पायरीवर बघून त्याचा जबडा पुन्हा सुटायच्या बेतात आला आणि त्यानं तो वरच्यावर झेलला. पुंडलिकअण्णांच्या तोंडून "हिहिहिहि" निघून गेलं, आणि अंबूताईंनी मधल्या जागेतला भज्यांचा कागद उचलून पलीकडं ठेवला.

श्रीनिधीला फोन करायचं त्यांना सगळ्यात जड वाटत होतं. मुलगा बेंगळुरूला. त्या नंबर लावायच्या आधी त्याचाच फोन आला.

"आई, व्हिडिओ बघितला."

"कुठला रे?"

"तू कुणाला तरी खराट्यानं मारतेयस तो. ऑफिसमध्ये सगळ्यांनी बघितला." पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. "आई, ते काका कोण?"

अंबूताईंनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, बटणांसकट. पलीकडून आलं ते नाकातून, कुकरच्या शिट्टीसारखं. हसणं आईचंच घेतलं होतं पोरानं.

"फक्त एक सांग," तो शेवटी म्हणाला, "लग्नात मी कुठल्या बाजूनं बसू? वरपक्षाकडून मान मिळणार असेल तर मी तिकडं जातो."

पाडव्याला गुढी उभारताना स्टूल धरायला पुंडलिकअण्णा होते. वर पालथा तांब्या, जरीचा खण, कडुलिंबाचा डहाळा. मधुवंती लगेच सुरू झाली, की काठीची पूजा म्हणजे मुळात झाडाची पूजा. अंबूताईंनी तिच्या तोंडात कडुलिंब-गुळाची गोळी कोंबली आणि तेवढ्यापुरतं संशोधन थांबवलं.

चैत्र सरायच्या आत नोंदणी झाली. साक्षीदार म्हणून बाळाचार्य आणि वेंकटेश. वेंकटेशची पट्टी सुटली होती आणि तो आनंदानं मोठमोठ्यानं रडला. जेवण उरकल्यावर दोघं कुणाला न सांगता निघाले ते धारवाडच्या पुढं केलगेरीला. तिथल्या आमराईत पहिले हापूस उतरवायला लागले होते. राखणदारानं पाट्या पालथ्या घालून दिल्या, दोघं सावलीत बसले. सुरी नव्हती. अंबूताईंनी आंबा दोन्ही हातांत घेऊन चांगला मळला, टोक दातानं काढलं आणि तोंडाला लावला. रस कोपरापर्यंत ओघळला, तिथून नव्या कोऱ्या इरकलीवर.

"अगं अंबू, साडी," पुंडलिकअण्णा म्हणाले.

"असू दे," अंबूताई म्हणाल्या. "तुम्ही दुसरा घ्या. तो नको, आंबट असेल, हा घ्या."